धारातीर्थी कोण, ठार कोण?

लढाई सुरू झाली की मराठी वृत्तपत्राची भाषा बदलते. एरवी ‘मरण पावला’ असे साधे लिहिणारे पत्र आपल्या बाजूचा सैनिक पडला की ‘धारातीर्थी पडला’, ‘वीरमरण आले’ असे लिहू लागते. समोरच्या बाजूचा पडला तर त्याला ‘कंठस्नान घातले’, त्याचा ‘खात्मा केला’. आपले सैन्य मागे आले तर ती ‘माघार’, आणि तीही बहुधा डावपेचाचा भाग म्हणून घेतलेली. शत्रू मागे गेला तर त्याने ‘पळ काढला’. यात नवल ते काय, असे कोणी विचारील. युद्धात कोणता देश शत्रूच्या शिपायाला ओवाळीत बसतो? खरे आहे. पण आमचा प्रश्न शत्रूविषयीचा नाहीच. ‘आपला’ म्हणून ज्यांची गणना होते त्या पंगतीत आम्ही केव्हा होतो आणि केव्हा नव्हतो, हा आमचा प्रश्न आहे. त्याचे उत्तर अग्रलेखातल्या मोठमोठ्या तत्त्वांत सापडत नाही. ते क्रियापदात सापडते, विशेषणात सापडते. कोणाचे नाव छापले आणि कोणाची नुसती संख्या छापली, यात सापडते.

पुरावा हुडकण्यासाठी मला फार लांब जावे लागत नाही. मुळा-मुठा आणि भीमा यांच्या बेचक्यात आमचे राहू बेट आहे. खाली वाळकी-रांजणगाव सांडसपाशी दोन्ही नद्या एक होतात. ही भीमा आमच्याकडे येते ती कोरेगावला वळसा घालून. राहूहून सकाळी सायकलवर निघालेला माणूस कोरेगावचा स्तंभ पाहून दिवस मावळायच्या आत घरी परततो. त्या स्तंभाची गोष्ट आमच्या चळवळीतल्या लहान पोरालाही पाठ आहे. मात्र त्या लढाईची बातमी कोणत्या भाषेत लिहिली गेली, हे आपण फारसे तपासलेले नाही.

लढाईचा तपशील थोडक्यात असा. ३१ डिसेंबर १८१७ च्या रात्री कॅप्टन फ्रान्सिस स्टाँटन शिरूरच्या छावणीतून पुण्याकडे निघाला. त्याच्याबरोबर मुंबई नेटिव्ह इन्फंट्रीच्या पहिल्या रेजिमेंटची दुसरी पलटण, म्हणजे सुमारे पाचशे शिपाई, अडीच-तीनशे स्वार आणि मद्रास तोफखान्याच्या दोन तोफा होत्या. सगळे मिळून आठशेंच्या वर माणूस. रात्रभर चालून सकाळी ही तुकडी कोरेगावजवळ आली, तो भीमेपलीकडे पेशव्याची पंचवीस-अठ्ठावीस हजारांची फौज. स्टाँटनने गावाचा आसरा घेतला. पेशव्याच्या बाजूने अरब, गोसावी आणि कवायती पायदळाच्या तुकड्या गावात घुसल्या. दिवसभर गल्ल्यागल्ल्यांतून, घराघरांतून लढाई झाली. पलटणीला अन्न नव्हते. पाणी समोर नदीत होते, पण तिथपर्यंत जाता येत नव्हते. रात्री नऊच्या सुमारास हल्ले थांबले. कंपनीकडचे पावणेतीनशे लोक ठार, जखमी वा बेपत्ता झाले. आठ युरोपीय अधिकाऱ्यांपैकी पाच ठार किंवा जखमी झाले. जनरल स्मिथची फौज मागून येत असल्याने पेशव्याने तळ हलवला, आणि स्टाँटन जखमींना घेऊन शिरूरला परतला.

आता ही बातमी कोणी लिहिली? मराठीत तेव्हा वृत्तपत्रच नव्हते. बाळशास्त्री जांभेकरांचे ‘दर्पण’ निघाले ते १८३२ साली. युद्धाची बातमी म्हणजे लष्करी खलिता, आणि इंग्रजी पत्रांचा कच्चा माल तोच. या खलित्यांची एक ठरीव रीत होती. गोऱ्या अधिकाऱ्याचा हुद्दा, नाव, तो कोठे पडला, कसा पडला, हे सारे त्यात येई. हिंदी शिपाई मात्र शेवटी जोडलेल्या तक्त्यात येई: ठार इतके, जखमी इतके. तक्त्यात घोड्यांचीही गणती असे. मी हे उपहासाने म्हणत नाही. तक्ता तसाच असे.

यापुढे जाऊन स्तंभावरचा इंग्रजी लेख पाहावा. स्तंभाची पायाभरणी २६ मार्च १८२१ ची. लेखाचे व्याकरण मोठे बोलके आहे. वेढ्यात सापडून दिवसभर हल्ले परतवले ते एका ‘तुकडी’ने, परंतु निकराचा प्रतिकार चालू ठेवणारा आणि शेवटी यश मिळवणारा कर्ता एकच, कॅप्टन स्टाँटन. तुकडीच्या अजिंक्य वृत्तीने त्याला साथ दिली, एवढेच. मिळवलेला विजय कोणाचा? तर पूर्वेकडील ब्रिटिश सैन्याचा. ज्याने बंदूक चालवली, तहानेने ज्याची जीभ टाळूला चिकटली, तो वाक्यात ‘साथ’ म्हणून येतो. शिवी एकही नाही. उलट स्तुतीच आहे. पूर्वग्रहाला शिवीची गरज नसते, वाक्यातली जागा ठरवून दिली की त्याचे काम होते.

पण त्याच दगडावर दुसरी एक गोष्ट घडलेली आहे, आणि ती घडली म्हणूनच आज आपण बोलू शकतो. पडलेल्या शिपायांची नावे तिथे कोरली गेली. एकूण ४९ नावे. त्यातली २२ नावे ‘नाक’ या प्रत्ययाची आहेत. सोमनाक कमळनाक नाईक, रामनाक येसनाक नाईक, अशी. हा प्रत्यय महारांखेरीज कोणी लावीत नसे. बाकीच्यांत मराठे आहेत, राजपूत आहेत, मुसलमान आहेत, ज्यू आहे. तक्त्यातला आकडा दगडावर येताच माणूस झाला. स्तंभ उभारणाऱ्यांच्या मनात अस्पृश्यांचा गौरव होता असे समजण्याचे कारण नाही. त्यांना आपल्या फौजेचा दरारा मिरवायचा होता. पण नाव एकदा कोरले की ते कोरणाऱ्याच्या हेतूपुरते राहत नाही.

दुसऱ्या बाजूची, म्हणजे आपल्या मराठी युद्धभाषेची कथा याहून निराळी आहे असे कोणी समजू नये. ‘बुणगे’ हा शब्द घ्या. आजही राजकीय बातमीत कोणाला हिणवायचे झाले की ‘बाजारबुणगे’ म्हणतात. हे बुणगे कोण? फौजेबरोबर चालणारे बिनलढाऊ लोक: दाणावैरण वाहणारे, तंबू ठोकणारे, घोड्यांची चाकरी करणारे, बाजार मांडणारे, स्वयंपाकी, बायाबापड्या. १७६१ च्या पानिपतावर जे लाखाच्या घरात असल्याचे सांगतात आणि जे सरदारांच्या आधी उपाशी राहिले, ते हेच. पानिपत का हरलो, याच्या चर्चेत बुणग्यांचे लोढणे हे एक ठरलेले कारण असते. त्यांच्या खांद्यावर जी फौज चालली तिचे ते ओझे ठरले! श्रम करणारा हाच भार, असे म्हणणारी भाषा वर्णव्यवस्थेत वाढलेल्या माणसालाच सुचू शकते.

‘गारदी’ची गोष्ट अशीच. गारदी म्हणजे कवायती पायदळाचा शिपाई. पानिपतावर इब्राहिमखान गारदी अखेरपर्यंत भाऊसाहेबांच्या बाजूने लढला आणि पकडला जाऊन मारला गेला. पण १७७३ मध्ये नारायणराव पेशव्याचा खून करणारे गारदी होते, आणि मराठी भाषेने लक्षात ठेवले ते तेवढेच. खुनाच्या कटाचा संशय पेशवे घराण्यातल्याच माणसावर होता; रामशास्त्र्यांनी त्याला दोषी धरले. तरी ‘राघोबा’ ही शिवी झाली नाही, ‘गारदी’ ही झाली.

आणि गावात? वेशीवर रात्रभर जागणारा वेसकर, गडाच्या मेटांवर पहारा देणारा महार, याचे काम हातात काठी-भाला घेऊनच होते. पण त्याचे नाव ‘चाकरी’. घोडा स्वतःचा असेल त्याची ती ‘शिलेदारी’. एकच जिवावरचे काम, पण एकाला मोबदला म्हणून बलुते आणि दुसऱ्याला जहागीर. १७९५ च्या खर्ड्याच्या मोहिमेतली शिदनाक महाराची कथा परंपरेने सांगतात: त्याचा तंबू आपल्या तंबूंशेजारी नको अशी तक्रार छावणीत झाली, तेव्हा हिरोजी पाटणकरांनी, ही जेवणाची पंगत नव्हे, येथे तलवार चालवणाऱ्याची जात पाहायची नसते, अशा अर्थाचे उत्तर दिले. कथा आपण अभिमानाने सांगतो. पण ती तक्रार झाली, हाही त्याच कथेचा भाग आहे. आणि लढाई संपल्यावर पंगत पुन्हा मांडली गेलीच.

शब्दांनी पोट कसे मारले जाते हे पाहायचे असेल तर एकोणिसाव्या शतकाच्या शेवटाकडे यावे. मुंबईच्या फौजेत महार शिपाई पिढ्यान् पिढ्या होते. पलटणीच्या दप्तरात त्यांना ‘परवारी’ म्हणत. बाबासाहेबांचे वडील रामजी सुभेदार याच परंपरेतले. पण १८५७ नंतर इंग्रज अधिकाऱ्यांत ‘लढवय्या जातीं’चा सिद्धान्त बळावत गेला. काही जातींच्या रक्तातच शौर्य असते, काहींच्या नसते. यात शास्त्र शून्य होते. त्यात गोऱ्यांचा सोयीचा हिशेब आणि चातुर्वर्ण्याची जुनी पोथी यांचे संगनमत होते. १८९०-९२ च्या सुमारास महारांची भरती बंद झाली. एका विशेषणाने हजारो घरांतला पगार गेला, पेन्शन गेले, पलटणीच्या शाळेतले शिक्षण गेले. त्या शाळा नसत्या तर आमच्या पहिल्या लिहित्या पिढीतली किती माणसे लिहिती झाली असती?

याविरुद्ध अर्ज केले ते या पिढीनेच. पलटणीतून निवृत्त झालेले गोपाळबाबा वलंगकर यांनी १८९४ मध्ये अर्ज सिद्ध केला. पुण्याच्या शिवराम जानबा कांबळे यांनी १९१० मध्ये भारतमंत्र्यांकडे अर्ज पाठवून लष्कर आणि पोलीस यांची दारे उघडा अशी मागणी केली. हे अर्ज वाचताना मन भरून येते आणि थोडे अस्वस्थही होते. कारण आम्ही मूळचे क्षत्रियच आहोत, असा दावा या काळच्या लिखाणात येतो. ज्या शब्दकोशाने हाकलून दिले त्यातलाच मानाचा शब्द मागून घ्यावा लागत होता. कांबळे यांनी १९०८ साली काढलेल्या मासिकाचे नावही ‘सोमवंशीय मित्र’. या पूर्वसूरींना दोष देण्याचा मला अधिकार नाही. दार ठोठावणाऱ्याला दाराच्या मालकाच्या भाषेत बोलावे लागते. पण बाबासाहेबांनी १९२० साली ‘मूकनायक’ आणि १९२७ साली ‘बहिष्कृत भारत’ ही नावे घेतली तेव्हा किती मोठा सांधा बदलला, हे या पार्श्वभूमीवर कळते. वंशाचा मान मागणे संपले. तुम्ही आम्हाला मुके केले, तुम्ही आम्हाला बहिष्कृत केले, असे नावच सांगू लागले. या वाक्याला कर्ता आहे.

‘केसरी’ने ‘मूकनायक’ची जाहिरात पैसे देऊ केले असतानाही छापली नाही, ही हकीकत सर्वश्रुत आहे. ती येथे आठवायची कारण असे की, ज्या पत्राच्या स्तंभात आमच्या पत्राचे नावही बसत नव्हते, तशा पत्रांच्या युद्धवार्तेत आमच्या शिपायाचे नाव बसेल अशी अपेक्षाच कशी करायची? पहिल्या महायुद्धात माणसे कमी पडू लागली तेव्हा १९१७ मध्ये १११ महार ही पलटण उभी राहिली. युद्ध संपल्यावर १९२१ मध्ये ती मोडली. दुसऱ्या महायुद्धात पुन्हा गरज लागली तेव्हा १ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगावला महार रेजिमेंट स्थापन झाली. गरज लागली की रक्त लढवय्ये होते आणि गरज सरली की पुन्हा पातळ होते, असा हा चमत्कारिक शरीरशास्त्राचा नियम! त्या रेजिमेंटच्या बिल्ल्यावर आरंभी कोरेगावचा स्तंभ होता. स्वातंत्र्यानंतर तो काढला गेला. आज या रेजिमेंटमध्ये सर्व जातींचे आणि प्रांतांचे सैनिक आहेत, के. व्ही. कृष्णराव आणि के. सुंदरजी हे दोन सरसेनापती तिच्यातलेच.

लढवय्या जातींचा सिद्धान्त सरकारने सोडला तरी वृत्तपत्राच्या लेखणीने सोडलेला नाही. हुतात्मा जवानाच्या गावाहून पाठवलेले वृत्तांत शेजारी शेजारी ठेवून पाहावेत. एका घरचा जवान असेल तर ‘शौर्याचा वारसा’, ‘रक्तातच पराक्रम’, ‘घराण्याची परंपरा’. आमच्या वस्तीतला असेल तर ‘प्रतिकूल परिस्थितीवर मात करून’, ‘हलाखीतून वर येऊन’. दोन्ही ठिकाणी लिहिणाऱ्याचे डोळे पाणावलेले असतात, यात शंका नाही. पण पहिल्याचे शौर्य स्वाभाविक ठरते आणि दुसऱ्याचे अपवादात्मक. दुसऱ्याच्या आजोबाने, पणजोबाने बंदूक धरलेली असते, आणि वस्तीत विचारले असते तर कोणीही ते सांगितले असते.

शब्दांनी काय एवढा फरक पडतो, असे आम्हाला विचारणारे पुष्कळ भेटतात. शिकलेले, सज्जन लोक असतात. त्यांना मी १८५७ ची आठवण देतो. इंग्रजांनी आणि त्यांच्या मागोमाग कित्येक मराठी लेखकांनी ज्याला ‘बंड’ म्हटले, त्याला सावरकरांनी १९०९ च्या ग्रंथात ‘स्वातंत्र्यसमर’ म्हटले. घटना तीच, मृत तेच. एक शब्द बदलण्यासाठी केवढा खटाटोप झाला आणि तो बदलल्यावर पाठ्यपुस्तके कशी बदलली, हे या मंडळींना चांगले ठाऊक आहे. स्वतःच्या शब्दासाठी पन्नास वर्षे झगडायचे आणि दुसऱ्याने शब्दाची चौकशी केली की त्याला हळवा म्हणायचे, हा न्याय नव्हे.

हा रोग आपल्याच मातीतला आहे असेही नाही. फेब्रुवारी २०२२ मध्ये रशियाने युक्रेनवर हल्ला केला तेव्हा सीबीएस या अमेरिकन वाहिनीचा वार्ताहर बोलून गेला की, कीव्ह हे इराक-अफगाणिस्तानसारखे ठिकाण नव्हे, तुलनेने सुसंस्कृत आणि युरोपीय शहर आहे. त्याने पुढे माफी मागितली. इतरांनीही, आपल्यासारखी दिसणारी, आपल्यासारखी गाडी चालवणारी माणसे निर्वासित झाली म्हणून हळहळ केली. याचा अर्थ सरळ होता: बगदादच्या माणसाने बॉम्बखाली मरणे ही त्या जागेची रीत, कीव्हच्या माणसाने मरणे ही बातमी. हे ऐकून आपल्याकडच्या संपादकांनी गोऱ्यांच्या वंशद्वेषावर लिहिले, ते योग्यच झाले. पण गावकुसाबाहेरच्या मरणाची बातमी आपल्याच पत्रात किती ओळींची असते, ते मोजायला त्यांना वेळ झाला नाही.

कोरेगावच्या स्मरणाचेही तेच. त्या दगडाला कोणी जयस्तंभ म्हणतो, कोणी विजयस्तंभ, शौर्यस्तंभ, रणस्तंभ. शब्द निवडला की निवडणारा कोठे उभा आहे ते कळते. १ जानेवारी २०१८ रोजी, लढाईला दोनशे वर्षे झाली त्या दिवशी, तेथे आणि सणसवाडी परिसरात दगडफेक, जाळपोळ झाली. एका तरुणाचा जीव गेला. अनेक बातम्यांची भाषा अशी होती: ‘तणाव निर्माण झाला’, ‘गाड्या पेटल्या’, ‘हिंसाचार उसळला’. दगड आपोआप उडाले, गाड्या आपोआप पेटल्या. ३ जानेवारीच्या महाराष्ट्र बंदच्या बातमीत मात्र कर्ता परत आला: ‘आंदोलकांनी’ रस्ते अडवले, ‘आंदोलकांनी’ काचा फोडल्या. दोन दिवसांत व्याकरण बदलले.

इतके बोलल्यावर आपल्या घराकडेही पाहिले पाहिजे. मित्रांना हे रुचणार नाही. आमच्या पत्रकांत, फलकांवर, भाषणांत एक वाक्य कायम झाले आहे: पाचशे महारांनी अठ्ठावीस हजार पेशव्यांना कापून काढले. हे वाक्य का जन्माला आले ते मी जाणतो. ज्यांना शंभर-दीडशे वर्षे वाक्यात जागाच मिळाली नाही, त्यांनी मिळाल्यावर सगळे वाक्यच व्यापले. तरी ते तपासावे लागेल. पाचशे ही सबंध पलटणीची संख्या होती, आणि पलटण मिश्र होती. दगडच ते सांगतो. पलीकडची सगळी फौज लढली नाही. गावात घुसल्या त्या काहीशे-काहीशेच्या तुकड्या. त्या दिवशी कोणीही पुरता पराभूत होऊन पळाला नाही. आठशे तहानलेल्या माणसांनी अशा फौजेपुढे दिवसभर गाव सोडले नाही, हे खरे वाक्य आहे, आणि मला ते त्या फलकावरच्या वाक्यापेक्षा मोठे वाटते. ‘अठ्ठावीस हजार पेशवे’ हा तर भाषेचाच अपघात. पेशवा एक होता, आणि तो नदीपलीकडून पाहत होता. ‘कापून काढले’ हे क्रियापद आपण कोठून उचलले? ज्या भाषेत कंठस्नान घालतात, तिथूनच.

बाबासाहेब १ जानेवारी १९२७ रोजी त्या स्तंभापाशी आले. हल्ली दर १ जानेवारीला तेथे लाखो लोक येतात आणि पुस्तकांची दुकाने लागतात. इतर कोणत्या युद्धस्मारकापाशी इतकी पुस्तके खपत असतील असे मला वाटत नाही. राहू, पारगाव, दौंडकडून जाणारे विद्यार्थी तेथून लढाईच्या लहान पुस्तिका आणतात, आणि मग वाद होतात. परवा अशाच वादात एका पोराने विचारले की, पेशव्याच्या बाजूने जे मेले त्यांची नावे कोठे आहेत. पाचसहाशे माणसे पडली असा अंदाज दिला जातो. अरब होते, गोसावी होते, पगारासाठी तलवार धरलेले कुणबी-मराठे होते. स्तंभावर त्यांचे एकही नाव नाही.